रीलची दोरी: निवड, सांधा आणि घरच्या घरी ताणाची परीक्षा

खानदेशाला समुद्र नाही. तरीही विहिरीत, पाटात आणि तापीच्या डोहात पोहायला शिकलेली जळगाव, धुळे, नंदुरबारकडची काही माणसे नोकरीधंद्यानिमित्त किनारपट्टीवर किंवा परदेशी जातात, तेथे श्वास रोखून बुडी मारण्याचा आणि पाण्याखाली स्पिअरगनने, म्हणजे दोरी बांधलेला बाण सोडणाऱ्या बंदुकीने, मासे टिपण्याचा नाद लावून घेतात, आणि सुटीत घरी येताना त्या बंदुकीची रील, म्हणजे ही दोरी गुंडाळून ठेवायची चकरी, सोबत आणतात, कारण रीलची दोरी नीट बदलायला लागणारा निवांतपणा घरीच मिळतो. आपल्याकडे सागरी सामानाचे दुकान नाही हे खरे; परंतु या कामाला लागणारी बहुतेक हत्यारे शेतकऱ्याच्या घरात किंवा शेजारच्या गॅरेजमध्ये सहज सापडतात. म्हणून हा लेख.

आधी मुद्द्याची गोष्ट. दोरीच्या वेष्टणावर छापलेला तुटण्याचा भार हा मधल्या सरळ भागाचा असतो. प्रत्यक्षात मासा, खडक आणि प्रवाह हे तिन्ही टोकाशी झटतात, आणि टोकाला गाठ मारली असेल तर तो आकडा जवळपास निम्म्यावर येतो. तेव्हा तीनशे किलोची दोरी घेऊन तिला गाठ मारणाऱ्यापेक्षा दोनशे किलोची दोरी घेऊन तिला नीट सांधा घालणाऱ्याची, म्हणजे गाठीऐवजी टोक दोरीच्याच पोटात ओवून लूप करणाऱ्याची, तयारी अधिक भरवशाची असते. दोरी निवडताना पहिला प्रश्न ‘किती किलोची’ हा नव्हे, तर ‘हिला सांधा घालता येईल का’ हा असावा.

दुसरी गोष्ट कायद्याची, ती थोडक्यात सांगतो. हे साधन हतनूर, गिरणा किंवा उकाईच्या फुगवट्यात वापरण्याचा विचार करू नये. धरणांतील मासेमारीचे हक्क ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे दिलेले असतात, आणि गढूळ पाण्यात समोर मासा आहे की माणूस हेही कळत नाही. कोकणात जाणाऱ्यांनी मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झालेले आहे हे ध्यानात ठेवावे. इतर कोणत्याही किनाऱ्यावर तेथील परवाना आणि बंदीचे नियम पाण्यात उतरण्यापूर्वी विचारून घ्यावेत.

दोरी कशाची घ्यावी

जळगावच्या दाणाबाजारात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर दोराच्या दुकानात विचारले तर नायलॉन, पॉलिप्रॉपिलीन आणि सुती असे तीन प्रकार पुढे येतात. यांपैकी एकही रीलसाठी योग्य नाही. नायलॉन पाणी पिते, ओले झाल्यावर त्याची ताकद थोडी उतरते, आणि ते ताणले की लांबते; पाण्यापेक्षा जड असल्यामुळे सैल पडलेली दोरी खाली खडकात जाऊन अडकते. पॉलिप्रॉपिलीन तरंगते, पण त्याच्या जाडीच्या मानाने ताकद कमी आणि उन्हात ते लवकर ठिसूळ होते. मासे धरायला वापरतो तो तंगूस बाणाजवळच्या छोट्या तुकड्यासाठी उत्तम आहे, परंतु रीलवर गुंडाळून ठेवल्यावर तो वेटोळ्यांचा आकार धरून बसतो आणि सुटताना स्प्रिंगसारखा उसळतो.

रीलसाठी आज सर्रास वापरली जाते ती डायनीमा किंवा स्पेक्ट्रा या व्यापारी नावांनी विकली जाणारी विणीची दोरी. हे दोन्ही धागे म्हणजे अत्यंत लांब रेणुसाखळ्यांचे पॉलिथिलीनच होय. नेदरलँड्समधील डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी १९७९ च्या सुमारास या पॉलिथिलीनच्या साखळ्या ताणून एका दिशेला सरळ रेषेत आणण्याची पद्धत काढली, आणि या धाग्याचे गुण-दोष दोन्ही त्याच एका गोष्टीतून निघतात. साखळ्या लांबीच्या दिशेने सरळ असल्यामुळे धागा ओढीला विलक्षण बळकट असतो आणि तुटेपर्यंत जेमतेम साडेतीन-चार टक्के लांबतो. मात्र शेजारच्या साखळ्यांचा एकमेकींना धरून ठेवण्याचा जोर फार कमी असल्यामुळे हा धागा मेणासारखा गुळगुळीत लागतो, साध्या गाठीतून सरकतो आणि १५० अंश सेल्सिअसच्या आतबाहेरच वितळतो. पाण्यापेक्षा किंचित हलका असल्यामुळे तो तरंगतो. सैल दोरी पायाखाली न जाता वर येते, नजरेसमोर राहते, आणि बुडी मारणाऱ्याच्या दृष्टीने हा गुण ताकदीइतकाच मोलाचा आहे.

या धाग्याच्या दोऱ्या तीन घडणींत मिळतात. पहिली गळाच्या रीलवरची केसासारखी बारीक दोरी. ती ताकदीला कितीही चांगली असली तरी पळता मासा हाताने आवरताना बोटे कापते, म्हणून ती सोडून द्यावी. दुसरी आवरणाची दोरी, म्हणजे आत डायनीमाचा गाभा आणि बाहेर पॉलिएस्टरची विणलेली खोळ. ती हाताला भरीव लागते, खडकाची घासण अधिक सोसते आणि कमी गुंतते, त्यामुळे अनेक अनुभवी लोक तिलाच पसंती देतात. पण एवढ्या बारीक दोरीत खोळ सोलून आतल्या गाभ्याला सांधा घालणे हे डोळे आणि संयम दोन्हींची परीक्षा पाहणारे काम आहे, आणि बहुतेक जण शेवटी तिला गाठच मारतात. शिवाय जाडीचा काही भाग खोळीतच जात असल्यामुळे तेवढ्याच जाडीच्या पोकळ दोरीपेक्षा तिची ताकद कमी भरते. तिसरी पोकळ विणीची दोरी: आठ किंवा बारा पेडांची, आत गाभा नसलेली. माझे मत सरळ या तिसरीच्या बाजूने आहे. खडकाळ तळावर वारंवार जाणाऱ्याने आवरणाची घ्यावी, एक माप जाड घ्यावी आणि गाठीमुळे होणारी घट आधीच हिशेबात धरावी. बाकी सर्वांनी पोकळ दोरी घेऊन सांधा शिकून घ्यावा.

मालाची पारख घरीच होते. हातभर तुकडा साबणाच्या पाण्यात पिळून त्यातील हवा काढावी आणि बादलीत सोडावा. नायलॉन आणि पॉलिएस्टर बुडतात, डायनीमा वर येते. पॉलिप्रॉपिलीनही वर येते, म्हणून दुसरी परीक्षा ताणाची: दोन माणसांनी पाच मीटर दोरी धरून जोर लावावा, विणीचा सैलपणा पहिल्या ओढीत निघून गेल्यावर डायनीमा जवळजवळ हलत नाही, इतर दोऱ्या स्पष्ट लांबतात. तिसरी खूण म्हणजे घरातील बोथट कात्री तिच्यावर चालत नाही, नुसती चावत बसते.

जाडी आणि लांबी यांवर फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. १.५ ते २ मिलिमीटर हे रीलचे नेहमीचे माप आहे. चांगल्या पोकळ दोरीच्या वेष्टणावर १.५ मिलिमीटरला साधारण १५० ते २५० किलो आणि २ मिलिमीटरला ३०० ते ४५० किलो असा आकडा आढळतो, आणि किनाऱ्याजवळच्या माशांना तो पुरून उरतो. जाडी निवडायची ती हाताला धरवेल आणि घासण सोसेल अशी. नवशिक्याने २ किंवा १.८ मिलिमीटर घ्यावी, कारण त्याहून बारीक दोरीत सांधा शिकणे कठीण जाते. लांबी नेहमीच्या खोलीच्या तिप्पट असली तरी पुरते, बहुतेक मध्यम रीलांवर पन्नास मीटर मावते. रंग पांढरा, पिवळा किंवा नारिंगी असावा. मासा दोरीच्या रंगाने बुजतो की नाही यावर वाद घालणारे घालोत, पण आपल्या पायाभोवती आलेली दोरी आपल्याला दिसली पाहिजे, यावर वाद नाही.

हत्यारे

गोणी शिवायचे दाभण, धारदार ब्लेड, बारीक टोकाचा मार्कर, मोजपट्टी, चिकटपट्टी, मेण लावलेला पॉलिएस्टरचा धागा आणि साधी सुई. यांत एकच वस्तू बनवावी लागते, ती म्हणजे ओवणीची तार. सायकलच्या जुन्या ब्रेक केबलमधील एक पेड पंचवीस-तीस सेंटिमीटर लांब काढावा, मधोमध दुमडावा, दुमडीशी तांदळाच्या दाण्याएवढा फासा सोडून बाकीचा भाग पिळून घ्यावा आणि मागची टोके चिकटपट्टीत गुंडाळावीत. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातील तांब्याची तार सहज मिळते, पण ती मऊ असल्यामुळे दोरीच्या पोटात वाकते. पोलादी तारच घ्यावी.

सांधा

पोकळ दोरीचे शेपूट तिच्याच पोटात घालणे, एवढेच या सांध्याचे तत्त्व आहे. बाहेरची वीण ओढली गेली की ती लांबते आणि बारीक होते, त्यामुळे आतल्या शेपटाला चहूबाजूंनी आवळते. ओढ जितकी मोठी तितकी पकड घट्ट. म्हणून पुरेसे शेपूट आत असेल तर सांधा दोरीची जवळजवळ पूर्ण ताकद टिकवतो. किती म्हणजे पुरेसे? दोर बनवणाऱ्यांचा रूढ नियम जाडीच्या ७२ पट असा आहे. २ मिलिमीटरला ते १४४ मिलिमीटर होते. आपण सरळ १६ सेंटिमीटर धरावे. १.५ मिलिमीटरला १२ सेंटिमीटर पुरतात.

पुढील मापे २ मिलिमीटरच्या बारा पेडी दोरीची आहेत. टोक चिकटपट्टीने घट्ट गुंडाळून पट्टीच्या मधोमध ब्लेडने कापावे. मेणबत्तीवर टोक जाळण्याची सवय येथे मोडावी लागते. जळलेल्या टोकाचा कडक मणी पोटात शिरत नाही, आणि ते निमुळतेही करता येत नाही. टोकापासून १६ सेंटिमीटरवर मार्करने पहिली खूण करावी. तिच्यापुढे ६ सेंटिमीटरवर दुसरी खूण करावी. या दोन खुणांमधला भाग म्हणजे आपला लूप. दुसऱ्या खुणेच्याही पुढे, लांब दोरीच्या बाजूला, २० सेंटिमीटरवर तिसरी खूण करावी. शेपूट १६ सेंटिमीटर असताना तार २० वर घालण्याचे कारण असे की दोरी फुगवल्यावर आखूड होते आणि मोकळी जागा हाताशी असलेली बरी.

आता शेपूट निमुळते करावे. हे पाऊल पुष्कळ जण गाळतात आणि सांधा तेथेच तुटतो, कारण आतील शेपूट जिथे एकदम संपते तेथे बाहेरच्या विणीला अचानक मुरड पडते आणि सारा ताण त्या एका रेषेवर येतो. चिकटपट्टी काढावी. टोकापासून ६ सेंटिमीटरवर सुईच्या टोकाने दोन पेड उचलावेत, एक उजवीकडे वळणारा आणि एक डावीकडे वळणारा, आणि ते तेथेच कापून शेपटातून ओढून काढावेत. टोकाकडे एक सेंटिमीटर सरकून पुन्हा दोन, पुन्हा एक सेंटिमीटरवर दोन, असे पाच वेळा केल्यावर टोकाशी दोनच पेड उरतात. आठ पेडी दोरीत दीड-दीड सेंटिमीटरवर तीन वेळा दोन पेड काढले की तेवढेच उरतात. उघड्यावर, पंख्याखाली हे काम करू नये. तुटलेले पेड केसाएवढे हलके असतात आणि उडून जातात तेव्हा आपण किती काढले याचा हिशेब चुकतो.

तिसऱ्या खुणेशी दोरी दोन्ही हातांच्या चिमटीत धरून आतल्या बाजूला ढकलावी म्हणजे वीण फुगून पेडांमध्ये फट दिसते. फट दिसत नसेल तर दाभणाचे नुसते टोक पेडांमध्ये घालून ते बाजूला सारावेत. पेड टोचू नये, तो फाटला की त्याची ताकद गेली. ओवणीच्या तारेचा फासा पुढे ठेवून ती या फटीतून आत घालावी आणि पायजम्यात नाडी ओवतो तशी वीण चुणत चुणत दुसऱ्या खुणेपर्यंत न्यावी. तार मध्येच भिंतीतून बाहेर आली तर लगेच मागे घ्यावी. एक पेड जरी तारेबाहेर राहिला तरी शेपूट त्या ठिकाणी अडते, आणि जोर लावून ते पुढे ओढणे म्हणजे तो पेड कापणे. दुसऱ्या खुणेशी फासा बाहेर काढून त्यात शेपटाचे दोन पेड ओवावेत, मागे दुमडावेत आणि तार हळूहळू परत ओढावी. निमुळते टोक आत गेल्यावर जाड भाग येतो तेव्हा काम जड होते. तार ओढण्यापेक्षा बाहेरची वीण शेपटावर चढवत न्यावी. पहिली खूण दुसऱ्या खुणेला येऊन भिडली की थांबावे. या वेळी शेपटाचे टोक तिसऱ्या खुणेजवळून डोकावत असते.

तार सोडवावी, लूप एका खिळ्यात अडकवावा आणि अंगठा व तर्जनीच्या चिमटीत दोरी धरून लूपपासून लांब दोरीकडे अशी पाच-सहा वेळा निपटावी. चुणलेली वीण पसरते आणि टोक आपोआप पोटात नाहीसे होते. बोट फिरवून पाहिले असता जाड भाग कोठे संपला हे सांगता येऊ नये, इतकी निमुळती उतरंड साधली पाहिजे. सांध्याची जाडी दुप्पट होत नाही, साधारण १.४ पट होते. २ मिलिमीटरची दोरी तेथे पावणेतीन मिलिमीटरच्या घरात जाते. रीलच्या मार्गदर्शक भोकातून तो भाग विनासायास जातो की नाही हे दोरी विकत घेण्याआधीच पाहून ठेवावे.

ताण असताना हा सांधा सुटत नाही, पण ताण नसताना, पिशवीत हलताना, शेपूट हळूहळू बाहेर सरकू शकते. म्हणून लूपच्या मुळाशी मेणाच्या धाग्याने टाके घालावेत: सांध्याच्या आरपार पाच-सहा टाके पुढे, मग दोरी पाव वळणाने फिरवून तितकेच मागे, आणि धाग्याची टोके पोटात. टाके सैलसर असावेत. ते भार उचलण्यासाठी नसून शेपूट जागेवर ठेवण्यासाठी आहेत.

ब्रमेल नावाचा कुलपी सांधा पुष्कळ जण सुचवतात. त्यात शेपूट मुख्य दोरीतून आणि मुख्य दोरी शेपटातून आरपार काढतात, त्यामुळे ताण नसतानाही लूप सुटत नाही. मात्र त्यातही ताकद येते ती पोटातल्या शेपटानेच, कुलपाने नव्हे. कुलूप केले म्हणून शेपूट आखूड ठेवणे ही घोडचूक आहे. चार-पाच मीटरच्या तुकड्याला हा सांधा छान बसतो. पन्नास मीटर दोरी एका बारीक भोकातून ओढून काढायची तर दोरीही घासते आणि दुपारही जाते. एकाच टोकावरून वीण उलटवून तो करता येतो, पण २ मिलिमीटरच्या दोरीत तो खटाटोप डोके खातो. रीलच्या दोरीला साधा सांधा आणि टाके एवढे पुरे.

परीक्षा

कापूस मोजायचा लटकता काटा येथे कामाला येतो. नव्या सांध्याला वेष्टणावरील आकड्याच्या पाचव्या हिश्शाइतका भार द्यावा. ३५० किलोच्या दोरीला ७० किलो, म्हणजे सिमेंटची ५० किलोची एक गोणी आणि वर वीस किलो माती किंवा धान्य. पत्र्याच्या नव्हे, मजबूत लाकडी किंवा लोखंडी तुळईला लूप गुळगुळीत कडीत अडकवून टांगावा, खाली काटा, काट्याला गोणी, आणि गोणी जमिनीपासून चार बोटेच वर असावी, म्हणजे काही तुटले तरी ती आदळत नाही. खाली मुलांना फिरकू देऊ नये आणि स्वतः बाजूला उभे राहावे. भार देण्यापूर्वी लूपच्या मुळाशी शेपूट आणि दोरी यांच्यावर मिळून एक आडवी रेघ मारावी. दहा मिनिटांनी रेघ तुटून दोन झाली असेल तर शेपूट सरकले. टाके उसवून सांधा पुन्हा घालावा. रेघ अखंड असेल तर काम झाले. पहिल्या भारात वीण बसते आणि सांधा कडक लागू लागतो, ते दोषाचे लक्षण नाही.

रीलवर चढवणे

एक टोक चकरीकडे आणि एक बाणाकडे, दोन्हींना लूप करावेत. चकरीच्या मधल्या दांड्याभोवती आधी सुती कापडी पट्टीचा एक थर द्यावा, नाहीतर ही गुळगुळीत दोरी भरलेल्या वेढ्यांसकट दांड्यावर गरगर फिरते आणि ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, कितीही आवळला तरी धरत नाही. लूप दांड्याभोवती फिरवून त्यातून दोरीचे दुसरे टोक ओवून घ्यावे, आणि ओल्या फडक्यातून ताण देत, एका बाजूला ढीग न होऊ देता, दोरी गुंडाळावी. सैल गुंडाळलेली दोरी मासा पळताच वरच्या वेढ्याने खालच्या वेढ्यांत रुतते. काठापासून दोन-तीन मिलिमीटर जागा मोकळी सोडावी.

बाणाकडचा लूप स्विव्हलच्या (पीळ पडू न देणाऱ्या फिरत्या जोडणीच्या) कडीतून काढून स्विव्हलच त्या लूपमधून ओवून घेतला की गाठ न मारता पक्की आणि सोडवता येणारी जोडणी होते. ही दोरी लांबत नसल्यामुळे माशाचा पहिला झटका थेट बाणाच्या छिद्राशी आणि माशाच्या अंगात बसतो. तो मऊ करण्यासाठी स्विव्हल आणि बाणाच्या तंगूसमध्ये रबरी बंजीचा छोटा तुकडा जोडावा. ड्रॅग असा ठेवावा की हाताने ठाम ओढल्यावर दोरी यावी, पण आपोआप सुटू नये. आणि दोरी कितीही भरवशाची असली तरी ती कापणारा सुरा उजव्या आणि डाव्या दोन्ही हातांना पोहोचेल अशा जागी असावा, पाण्यावर नजर ठेवणारा जोडीदार असावा. मासा खोल गेला आणि रील रिकामी होऊ लागली तर बंदूक सोडून वर यावे.

निगा

खाऱ्या पाण्यातून आल्यावर दोरी पूर्ण उलगडून गोड्या पाण्यात भिजत ठेवावी आणि सावलीत वाळवावी. मिठापेक्षा शत्रू वाळू आहे. पेडांमध्ये शिरलेला कण प्रत्येक ताणाबरोबर आतून कापत राहतो. खानदेशात आणखी एक काळजी हवी. मे महिन्याच्या उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड किंवा पत्र्याखालचा माळा हा या धाग्याला मानवण्यासारखा नाही, कारण ७० अंशांच्या पुढे तो ताणाखाली कायमचा लांबू लागतो. रील घट्ट भरलेली असेल तर ती घरातील थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवावी.

दोरीवर थोडी लव येणे स्वाभाविक आहे आणि ती आतल्या पेडांचे रक्षणही करते. पण एखाद्या ठिकाणी पेड तुटून वीण एका बाजूला ओढली गेली असेल, बोटाला चपटा किंवा कडक झालेला भाग लागत असेल, तर तेवढा तुकडा कापून टाकून टोकाला नवा सांधा घालावा. सर्वाधिक झीज बाणाकडच्या पहिल्या दहा-पंधरा मीटरमध्ये होते, आणि चकरीकडचा अर्धा भाग बहुधा पाणीही पाहत नाही. दोन्ही टोकांना लूप असल्यामुळे हंगामाच्या अखेरीस दोरी उलटी करून भरता येते.